मैदानाची केस

आमच्या गावचा काळुराम भोईर पालिकेत शिपाई. गावदेवीच्या मैदानावर बिल्डरला ठाण्याच्या घोडबंदर रोडसारखे टॉवर हवेत, आणि मैदान गावाचं म्हणून पालिकेची त्याच्याविरुद्ध केस चालू आहे. त्यावरच्या बंद दाराआडच्या बैठकीत चहा काळुरामच द्यायचा. बाकी सगळ्यांना बाहेर काढत, पण ट्रे धरलेला माणूस साहेबलोकांच्या हिशेबी माणूसच नाही.

परवा पालिकेचे वकील म्हणाले, "तिथे जत्रा भरायची, हे सांगणारा एकही जुना साक्षीदार मिळत नाही. केस सोडून द्या."

नगरसेवकांनी माना डोलावल्या. तीस वर्षं त्याच जत्रेत देवीची पालखी खांद्यावर घेणारा काळुराम शेजारीच उभा होता.

घरी बायकोने, सखुबाईने, विचारलं, "मग तुमी काय बोललाव नाय?"

"साहेबांनी साखर किती घातली ते विचारलं," तो म्हणाला. "तेवढं सांगितलं."