तिसऱ्या खेपेचा कोट

माझ्या नणंदबाई चव्वेचाळिसाव्या वर्षी फॅशन डिझाइनच्या एकाच विषयात दोनदा नापास झाल्या, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांना कोण आनंद झाला. तोंडावर हळहळ, पाठ वळली की फिदीफिदी. मी टपाल वाटते, त्यामुळे दारामागचं सगळं मला ऐकू येतं. "या वयात कशाला हे थेर," असं एक जण म्हणाली. तिचं पत्र मी तिच्या हातात न देता पायरीवर ठेवून निघून आले. नियमात बसत नाही, पण माझ्या नाकावर राग असतो, त्याला मी काय करू.

वन्सं सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा माझे सासरे गेले. माझा नवरा तेव्हा बारा वर्षांचा. सासूबाईंनी मुलीला शाळेतून काढलं आणि पुढच्या खोलीत मशीनवर बसवलं. बाहेर पाटी लागली : कपडे अल्टर करून मिळतील. त्या पाटीखाली वन्संनी सव्वीस वर्षं काढली. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट कमरेत सोड, कुणाच्या झग्याची चेन बदल. त्या मशीनवर माझा नवरा शिकला, नोकरीला लागला, मला लग्न करून घेऊन आला. नवं कापड मात्र वन्संच्या हातात कोणी दिलं नाही. नवं शिवायचं तर लोक कोपऱ्यावरच्या मोठ्या टेलरकडे जायचे आणि त्यानं घोळ घातला की आमच्याकडे यायचे. लोकांनी त्यांचं नावच पाडलं होतं, उसवणारी. त्या हसायच्या. "उसवल्याशिवाय कळत नाही, शिवलंय कसं," म्हणायच्या.

चाळिशी उलटल्यावर त्यांनी बाहेरून शाळेची परीक्षा दिली, मग विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. आम्हाला सांगितलं ते थेट प्रवेश मिळाल्यावर. माझ्या नवऱ्यानं हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, जा. यात विचारायचं काय?" दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे कपडे घ्यायला दारात सासूबाई स्वतः बसू लागल्या.

वर्गात सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं. वन्सं त्यांच्या काकू. हिरव्या केसांच्या एका मुलीनं त्यांना कॉम्प्युटर शिकवला आणि वन्संनी तिला बाही बसवायला. रंगसंगती, चित्रकला, कापडाचे प्रकार, सगळ्यांत वन्सं पास झाल्या. अडलं ते नेमकं कोटात. ज्यात त्या वाघीण असायला हव्यात त्यातच.

परीक्षा दोन दिवसांची असायची. हॉलमध्ये बसून कोट बेतायचा, शिवायचा, आणि शेवटी तो डमीला घालायचा. डमी म्हणजे कापड मढवलेलं, डोकं नसलेलं धड. वन्संच्या कोटाला पहिल्या वेळी गळ्यापासून काखेपर्यंत झोळ पडला. दुसऱ्या वेळीही तस्साच. कटिंग शिकवणाऱ्या मॅडमनी दोन्ही कोट टेबलावर पसरून टेप लावली. "उजवा खांदा पाऊण सेंटिमीटर खाली आहे. दोन्ही वेळा तेवढाच," त्या म्हणाल्या. संधी तीनच मिळतात. तिसऱ्यांदा नापास झालं की प्रवेश रद्द, घरी जा.

त्या दिवशी वन्सं घरी आल्या, दोन्ही कोट मांडीवर घेतले आणि आधी हसल्या.

"वहिनी, मी हे मुद्दाम नाही केलं गं. माणसाचा कामाचा खांदा खालीच असतो. तू आरशात बघ. ओझं उचल, मूल घे, झाडू मार, आयुष्यभर तो खांदा खाली येतो. सव्वीस वर्षं मी लोकांच्या कोटात तेच दुरुस्त करतेय. हात आपोआप तिकडं जातो."

"मग डमीचा खांदा?"

"डमीनं कधी काही उचललंय का?"

मी म्हटलं, "वन्सं, मग त्या बिनडोकीसाठी सरळ शिवा की. पास व्हा आणि पुढं माणसांसाठी काय हवं ते करा." मला हे सोपं वाटलं. बोलायला माझं काय जातं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

महिनाभर त्यांनी सराव केला. कागदावर दोन्ही खांदे सारखे यायचे. कापडावर कात्री लागली की हात घसरायचा, आणि कात्री सरळ गेली तर मशीनवर शिवण घसरायची. जित्याची खोड. एका दुपारी मी वाटप संपवून आले तर मशीन बंद, आणि वन्सं कात्री मांडीत घेऊन रडत होत्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"शाळा सोडली तेव्हा नव्हते रडले," त्या म्हणाल्या. "तेव्हा इलाजच नव्हता. आता तर सगळे माझ्या बाजूनं आहेत आणि माझाच हात माझ्या आड येतोय."

मी चहा केला, त्यात साखर घालायची विसरले, आणि दोघींनी तो तसाच प्यायला.

वन्संना एक सवय आहे. औषधाच्या बाटलीतला कागद असो नाहीतर विजेच्या बिलाची मागची बाजू, छापलेलं काहीही त्या शेवटपर्यंत वाचतात. तशी त्यांनी विद्यापीठाची नियमांची पुस्तिका वाचून काढली. आत कुठेतरी बारीक अक्षरांत एक नियम होता : डमीऐवजी विद्यार्थी जिवंत मॉडेल घेऊ शकतो, आधी अर्ज करावा. तो अर्ज कित्येक वर्षांत कोणी केला नव्हता, आणि त्याला कारणही होतं. डमीला नुसतं उभं करतात. माणसाला परीक्षक बसवतात, वाकवतात, हात वर करायला लावतात, आणि मॉडेलमुळे कोट बिघडला अशी सबब ऐकून घेत नाहीत. मॅडमनी वन्संना बजावलंसुद्धा, "बाई, डमी हलत नाही. माणूस हलतं. नीट विचार करा."

वन्संनी विचार केला आणि अर्जात माझं नाव लिहिलं.

"मी?" मी म्हटलं. "माझं अंग बघितलंत का तुम्ही?"

"तुझं लग्न झाल्यापासून बघतेय. म्हणूनच तू."

मी दोन दिवसांची रजा टाकली.

हॉल शाळेच्या वर्गासारखा लांबलचक. उंच खिडक्या, लांब टेबलं, एका ओळीत अकरा डमी आणि बारावी मी. वाचनालयातली शांतता बरी म्हणावी, इतकी शांतता. परीक्षा सुरू झाली की मॉडेलशी एक शब्द बोलायचा नाही, हा दुसरा नियम. तो नियम आमच्या मुळावर आला.

दुकानात वन्सं माप कसं घेतात ते सांगते. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की पोट आत घेतं, छाती पुढं काढतं. सगळेच घेतात. त्या मापानं शिवलेला कपडा घरी जाऊन घातला की तंग होतो. म्हणून वन्सं टेप गळ्यात टाकतात आणि नुसत्या गप्पा मारतात. "सासू कशी आहे?" एवढं विचारलं की बाई अर्ध्या मिनिटात खांदे टाकून, कमरेवर हात ठेवून, आहे तशी उभी राहते. मग टेप लागते. हे त्यांचं सगळं कसब, आणि हॉलमध्ये ते चालणार नव्हतं.

आणि मी काय करावं? मी ठेवणीतला शर्ट घातला होता, केस बांधले होते. अकरा पोरं बघतायत, मॅडम बघतायत. मी अशी ताठ उभी राहिले जणू माझा फोटो निघणार आहे. पोट आत, दोन्ही खांदे सारखे. वन्संनी माझ्या खांद्यावर बोटानं दोनदा टकटक केलं. मला वाटलं, आणखी ताठ राहा म्हणतायत. मी आणखी ताठ झाले. त्याही घाबरलेल्या होत्या, नाहीतर फसल्या नसत्या. त्यांनी माप घेतलं आणि खाली मान घालून कामाला लागल्या. महिनाभर सरळ कापायचा सराव केलेला हात नेमका आज टेपच्या मापाबरहुकूम चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला कोट माझ्या अंगात चढला. अस्तर सोडलं तर तयार. दोन दिवस उभी राहून माझे पाय गळाले होते, त्यामुळे अंगही आपोआप सैल पडलं होतं. मी आरशात पाहिलं. गळ्यापासून काखेपर्यंत तोच झोळ.

क्षणात कळलं, हे माझं काम. ताठ मी उभी राहिले होते. दोन वेळा त्यांच्या हातानं घात केला, तिसऱ्या वेळी मी. ओरडून सांगावंसं वाटलं, पण बोलायची सोय नाही. मी ओठ चावले. दीड तास उरला होता. बाहेरून आलेले परीक्षक, कपड्यांच्या कारखान्यात जन्म काढलेले एक सडपातळ म्हातारे गृहस्थ, हात मागे बांधून टेबलांमधून फिरत होते. ते आमच्यापाशी थांबले, झोळ पाहिला आणि पुढं गेले.

पोरांना शिकवलेलं असतं की शेवटच्या घटकेला खांद्याला हात लावायचा नाही. इस्त्री मारा, पॅड सरकवा, झाकता येईल तेवढं झाका. वन्संनी कोट माझ्या अंगातून काढला, टेबलावर ठेवला आणि ब्लेड उचललं. पहिली उजवी बाही गेली. मग खांद्याची शिवण, मग कॉलरचं टोक. हिरव्या केसांच्या मुलीनं तोंडावर हात धरला. दोन टेबलांवरची मशीनं थांबली. मी मात्र वन्संचा चेहरा पाहत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा त्या आपल्या दुकानात असल्यासारख्या दिसत होत्या. बारा मिनिटांत कोट सुटा झाला, आणि कापडाला एक ओरखडा नाही.

आता माझं खरं माप हवं होतं, आणि मी भीतीनं पुन्हा खांब झाले होते. वन्सं टेबलाखाली वाकल्या. त्यांची पुस्तकांची, कात्र्यांची, जड थैली काढली आणि मुकाट्यानं माझ्या उजव्या खांद्यावर अडकवली. माझ्या अंगाला ते ओझं ओळखीचं. पाय आपोआप फाकले, खांदा आपल्या जागेवर आला, पोटही सुटलं. सोळा वर्षं मी जशी दारोदार उभी राहते तशी उभी राहिले. वन्संनी थैली अलगद काढून घेतली, आणि अंग सावरायच्या आत कोटाचे तुकडे माझ्यावर ठेवून टाचण्या लावल्या, खडू ओढला.

मग मशीन असं चाललं की काय सांगू. खांदा, बाही, कॉलर, अस्तर. घंटा झाली तेव्हा त्या शेवटचा दोरा तोडत होत्या.

परीक्षकांनी मला बसवलं. वाकवलं. हात वर करायला सांगितले. मानेमागे कॉलरपाशी दोन बोटं घालून पाहिली.

"काय काम करता?" त्यांनी विचारलं.

"टपाल वाटते."

त्यांनी हातातल्या गुणांच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "मग वाटा."

मी अख्ख्या हॉलमध्ये कागद वाटले. प्रत्येक टेबलावर वाकून, हात लांब करून. पोरं हसत होती. मलाही हसू येत होतं, कारण कोट अंगात आहे हे मी विसरूनच गेले होते. परत आले तेव्हा ते वन्संना विचारत होते, "शेवटच्या घटकेला खांदा उसवलात. भीती नाही वाटली?"

"उसवायची नाही वाटत," वन्सं म्हणाल्या. "शिवायची वाटते."

ते हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

तासभर आम्ही बाहेर व्हरांड्यात बसलो. मी वन्संची माफी मागितली, ताठ उभी राहिल्याबद्दल. त्या म्हणाल्या, "अगं, मला कळायला हवं होतं. मॉडेल माझी, चूक माझी." मग मॅडम आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "पास आहात. वर्गात सगळ्यांत जास्त गुण तुमचे. आणि एक विनंती आहे. पुढच्या वर्षी नव्या मुलांना माप घ्यायला तुम्ही शिकवाल का? मीसुद्धा येऊन बसेन."

वन्सं "हो" म्हणाल्या की नाही, मला आठवत नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथंच हमसून हमसून रडले. मी एरवी कुणाच्या बापाला भीत नाही, पण रडले. डोळे पुसत घरी फोन लावला. माझ्या नवऱ्यानं उचलला, ऐकलं, आणि त्याला पुढं बोलताच येईना. "ताई पास, ताई पास," एवढंच तो आत सांगत सुटला. मग सासूबाईंनी फोन घेतला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोनवर ओरडून बोलतात. अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं.

"तिला दे."

मी फोन वन्संच्या हातात दिला.

"कितवी आलीस?" सासूबाईंनी विचारलं.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. "पहिली, आई."



"शाळेतून काढलं तेव्हाही पहिलीच होतीस," सासूबाई म्हणाल्या. "मला माहीत होतं."

हे त्यांनी आजवर घरात कधी उच्चारलं नव्हतं. वन्सं फोन कानाला धरून तशाच उभ्या होत्या, आणि पलीकडून सासूबाई विचारत होत्या, पुढचं वर्ष कधी सुरू होतंय.