बिडीच्या माथी मारलेला आकडा

कॅन्सरमुळे बाबांचं अर्धं जठर काढलं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी चामोर्शीहून चंद्रपूरला रक्त तपासायला जायचं. रक्तात सीईए नावाचं एक प्रथिन असतं, त्याचा आकडा वाढला की रोग परतल्याची शंका. दोनदा आकडा गुमान खाली राहिला. तिसऱ्यांदा चढला.

"बिडी ओढता का भाऊ?" डॉक्टरांनी विचारलं. बिडीनंही हा आकडा चढतो म्हणे.

"नाई जी. ऑपरेशनपासून हात नाई लावला."

मग सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त अन् स्कॅन, असं ठरलं. परतीच्या बसमध्ये मी तोंडात ओढणी कोंबून रडले.

तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, हंगाम तपासणीच्या आधीच लागला होता. आमच्या गावात पानाची पारख बाबांची. नुसतं चोळून पाहणं त्यांना पटत नाही. वाळल्या पानाची बिडी वळून दोन झुरके घेतल्याशिवाय ते पान पास करत नाहीत. यंदा मात्र ते झुरका न घेता नुसते बसून राहतात, असं मी समजत होते.

त्यांना आता दिवसातून सहादा थोडं थोडं खावं लागतं. म्हणून मी डबा घेऊन पानं वाळत घातली होती तिथं गेले, तर बाबा ऐटीत धूर सोडत बसलेले!

"बाबा! डॉक्टरले खोटं सांगतलं? लाज नाई वाटत?" मी पेटलेच. पण खरं सांगू? आतून इतकी हरखले की ती बिडी कपाळाला लावावीशी वाटली. म्हणजे आकडा बिडीचाच! "काऊन लपवलं?"

"सांगतलं असतं तं सोडाले लावली असती."

"मंग सोडाची नाई?"

बाबा वाळती पानं उलटू लागले. "सोडली अन् तरी आकडा नाई उतरला तं? आता बिडीवर ढकलता येते, पोरी."

माझा राग जागच्या जागी जिरला. शेजारी बसले. उठताना त्यांनी बिड्यांचं बंडल माझ्या हातात दिलं. डॉक्टरांना मी फोनवर सगळं सांगितलं.

सहा आठवडे घरात कुणी आकड्याचं नाव काढलं नाही. मग चंद्रपूरला गेलो. स्कॅन साफ निघालं. रक्ताचा कागद बाबांनी माझ्याकडे सरकवला, "तूच वाच."

आकडा उतरला होता.

ऑपरेशनच्या दिवशीही न रडलेला हा माणूस दवाखान्याच्या बाकावर हमसून हमसून रडला. मीही रडले. मग त्यांची खायची वेळ झाली होती, म्हणून डबा उघडला.