निळा, खुर्चीवाला आणि रेवतीची सोयरीक

माझ्या मुलीची सोयरीक एका पियानोपायी मोडता मोडता राहिली. आमच्या घरात पियानो नाही. व्याह्यांच्या घरातही नाही. नांदेड ते लातूर या सगळ्या रस्त्यावर एखाद्या घरात तो असेल, असंही मला वाटत नाही.

पियानो आहे तो सातासमुद्रापलीकडे, आणि तो वाजवणारे गृहस्थ पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. रॉक संगीतातलं मोठं प्रस्थ! मी त्यांचा चाहता आहे. (चाहता हा शब्द माझी बायको मंगल चारचौघांत वापरते. घरात ती 'नाद' म्हणते.) कॉलेजात असताना हॉस्टेलवर एका सीनियरनं त्यांची कॅसेट ऐकवली. इंग्रजी शब्द एकही कळला नाही, आजही निम्मे कळत नाहीत. पण त्यांचा डावा हात असा काही चालत होता की मी मेसचं जेवण विसरलो. आमच्या मेसचं जेवण विसरणं तसं अवघड नव्हतं, तरीही.

नांदेडात आम्ही असे चौघे भक्त आहोत. त्यांना आम्ही आपसांत 'आबा' म्हणतो. त्यांच्या अल्बमांची नावं घेताना आमची जीभ अडखळते, म्हणून पाकिटावरच्या चित्रावरून आम्ही ती ठेवली आहेत: निळा, टोपीवाला, खुर्चीवाला. दर रविवारी सकाळी आम्ही चौघे माझ्या गच्चीत बसतो आणि निळा श्रेष्ठ हे एकमेकांना पटवून देतो. चौघांनाही ते आधीच पटलेलं असल्यामुळे चर्चा फार छान होते.

रेवती आमची एकुलती एक. पुण्याला नोकरी करते. तिथंच तिला लातूरचा समीर भेटला, दोघांनी लग्न ठरवलं आणि आम्हाला कळवलं. मी गंभीर चेहऱ्यानं "विचार करू" म्हणालो आणि संध्याकाळी जाऊन पेढे आणले. तीन महिन्यांनी दोघांना कामासाठी परदेशी जायचं होतं, त्याच्या आत लग्न व्हायला हवं होतं. म्हणजे बैठकीत ठरवायची गोष्ट एकच उरली होती: तारीख.

"बाबा, तारीख घेऊन या," रेवतीनं फोनवर बजावलं. "दुसरं काही बोलू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच बोलू नका."

लातूरला निघताना जीपमध्ये बसल्यावर मंगलनं तेच पुन्हा घोकून घेतलं. "आपण मुलीकडचे आहोत. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. आपलं भौतिकशास्त्र नांदेडातच ठेवायचं." (मी ज्युनियर कॉलेजात तो विषय शिकवतो. घरी कुणी शिकवू देत नाही.)

पुढच्या सीटवर मारुतीमामा बसले होते. हे मंगलचे मामा, राहणार देवणी. देवणीच्या बाजारात बैलांची जोडी जमवणं आणि पाव्हण्यारावळ्यांत सोयरीक जमवणं, दोन्हींत त्यांचा हातखंडा. त्यांनी बसवलेली बैठक चाळीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती. त्यांची पद्धत साधी होती. बोलणी अडली की दोन पक्ष दोन खोल्यांत कोंडायचे आणि मधल्या मधे मामांनी फेऱ्या मारायच्या. सगळं जुळलं की यादी लिहायची, कागदाला हळदकुंकू लावायचं, पाच वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि जेवायला बसायचं.

लातूरला व्याह्यांच्या घरी बायका आत स्वयंपाकघरात गेल्या आणि पुरुष दिवाणखान्यात बसले. आमचे व्याही दिनकरराव, पेशानं वकील. शेजारी समीरचे चुलते, भरघोस मिश्या आणि त्याहून भरघोस शांतता. मी रेवतीला दिलेला शब्द पाळत भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. मामांनी पंचांग उघडलं, चष्मा लावला, घसा साफ केला, आणि दिनकररावांचा मोबाइल वाजला.

निळ्यातलं पहिलं गाणं! ते सुरुवातीचे आठ स्वर!

मी ताडकन उठून उभा राहिलो. "हे... हे तर निळ्यातलं!"

"निळ्यातलं म्हणजे?" दिनकररावांनी अल्बमचं इंग्रजी नाव घेतलं. एकदाही न अडखळता! "तुम्ही ऐकता?"

"हॉस्टेलपासून!"

"मी वकिलीच्या पहिल्या वर्षापासून!"

आम्ही एकमेकांना कडकडून मिठी मारली. मामा पंचांग मिटून म्हणाले, "जमलं की! मी काय बोललो बी न्हाई आजून."

पुढचा अर्धा तास मी स्वर्गात होतो. टोपीवाल्यातलं ते गाणं, ज्यात आबा मधेच गाणं सोडून नुसते वाजवत सुटतात. खुर्चीवाल्यातला तो शेवट, जो संपला असं वाटतं आणि संपतच नाही. दिनकररावांना सगळं पाठ! लातुरात त्यांचं ऐकायला कुणीच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यात तीस वर्षांचं साचलेलं होतं. तेवढ्यात मी म्हणालो, "पण निळा म्हणजे शिखर."

"छे! शिखर खुर्चीवाला."

स्वयंपाकघराच्या दारातून मंगल खाकरली.

"खुर्चीवालाही चांगलाच आहे," मी म्हणालो. हे वाक्य घशातून वर काढताना मला किती त्रास झाला ते माझं मला ठाऊक.

"निळ्यात आबांचा थोडा तोरा दिसतो हो." (आबांपासून खुर्चीवाल्यापर्यंत आमची सगळी नावं त्यांनी लगेच उचलली होती.)

मी पाणी प्यालो.

"दुसरी बाजू तर उगाच ताणलीये."

मी अजून एक ग्लास प्यालो.

"आणि खरं सांगू का सर, सगळ्यात उत्तम आहे तो नवा."

नवा! गेल्या वर्षी आबांनी एका पंचविशीतल्या गायिकेबरोबर मिळून काढलेला अल्बम! आमच्या गच्चीवर त्याचं नाव काढायला बंदी होती. ते नाव ऐकलं आणि रेवती, तारीख, तीन महिने, सगळं माझ्या डोक्यातून पार धुऊन निघालं.

"नवा? अहो, एवढा मोठा माणूस त्या पोरीच्या मागं बसून साथ करतोय! ज्याला तो अल्बम आवडतो त्याला कान नाहीत!"

कान नाहीत असं मी नवरदेवाच्या सख्ख्या बापाला त्याच्याच घरात, त्याचेच पोहे खात म्हणालो होतो.

चुलत्यांनी मिश्यांतून पहिलं वाक्य बाहेर काढलं. "दिनकर, ऊठ. पहिल्याच बैठकीला बहिरं म्हनून राहिले. उद्या काय म्हनतील?"

"अहो!" दारातून मंगल म्हणाली. त्या एका 'अहो'त आमच्या संसाराची सगळी वर्षं होती.

"कुनी उठायचं न्हाई!" मारुतीमामा गरजले. "वकीलसाहेब, तुम्ही आतल्या खोलीत. मास्तर, तुम्ही हापिसात. चला!"

मला दिनकररावांच्या ऑफिसात कायद्याच्या पुस्तकांमध्ये बसवण्यात आलं. दार लोटून मामा गेले आणि पाच मिनिटांनी परतले. आयुष्यात त्यांनी आबांचा एक स्वर ऐकला नव्हता, पण चेहरा असा, जणू निळ्याचा जन्म देवणीतच झाला होता.

"ते म्हन्तेत, निळ्याची पहिली बाजू कबूल. दुसरी न्हाई."

"मामा, दुसऱ्या बाजूवर तर ते सात मिनिटांचं..."

"ते मला कळत न्हाई. तुम्ही टोपीवाला सोडा, मी त्यांच्याकडून दुसरी बाजू सोडवून घेतो."

"टोपीवाला कसा सोडू?"

"मग पोरीचं लगीन सोडता का?"

मी टोपीवाला सोडला. (आबा, माफ करा. मुलीचा बाप आहे.)

मामा गेले, आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या फेरीत खुर्चीवाला आणि निळा एका पाटावर बसले. चौथ्या फेरीत 'तोरा' हा शब्द दिनकररावांनी मागं घेतला आणि 'कान' हा शब्द मी मागं घेतला. पाचव्या फेरीला मामा घाम पुसत आले.

"आता नव्यावर आडलंय. ते म्हन्तेत, मास्तरला एवढंच इचारा, नवा ऐकलाय का?"

मी समोरचं एक पुस्तक उघडलं. जमीन महसूल.

"मास्तर, ऐकलाय का न्हाई?"

पुस्तकातही उत्तर नव्हतं. "नाही," मी म्हणालो.

मामा स्टुलावर टेकले. "चाळीस वर्सं सोयरिकी जमवून राहिलो. पोरीचं तोंड न बघता नापसंत करनारा पयला मानूस तुम्ही."

खरंच होतं ते. आबा म्हातारे झाले हे मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी नवा लावलाच नव्हता.

मामांनी निकाल दिला. नवा आत्ता, इथं, सगळ्यांसमोर ऐकायचा. घरच्या गणपतीच्या आरतीला लावतात तो स्पीकर आला. दोन्ही पक्ष सतरंजीवर बसले. चुलत्यांनी हाताची घडी घातली. मी भिंतीकडं तोंड करून बसलो.

पहिल्या गाण्यात पियानो जवळजवळ ऐकूच येईना. ती पोरगी गात होती आणि आबा नुसते थांबले होते. एका ओळीनंतर त्यांनी दोन स्वर ठेवले. पुन्हा थांबले. मी भिंत सोडून स्पीकरकडं वळलो. मग आबा स्वतः गायला लागले, आणि त्यांचा आवाज थकलेला होता, वर चढताना कापत होता. तो कापायला लागला की ती पोरगी अलगद खालून येऊन तो उचलत होती. आणि तिला धीर हवा असेल तिथं डावा हात येत होता. तोच, माझ्या हॉस्टेलमधला डावा हात! आयुष्यभर स्टेज दणाणून सोडलेला हा माणूस कालच्या पोरीला जागा करून देत होता, आणि तसं करताना पूर्वीपेक्षा मोठा वाटत होता. माझे डोळे भरून आले. आपली रेवती आता जाणार, हेही मला तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं. मी डोळे मिटून घेतले.

"म्हातारा बैल हाय," मामा हळूच म्हणाले. "जोडीला नवं खोंड आसलं की शहाना बैल जू आपल्या खांद्यावर घेतो आन् पाऊल मात्र खोंडाच्या बेतानं टाकतो. जातिवंत हाय तुमचा आबा."

इतक्या वर्षांत आबांवर इतकं चांगलं आमच्या गच्चीवर कुणी बोललं नव्हतं.

गाणी संपली. मग चुलत्यांची घडी सुटली. "ते तिसरं परत लावा," ते म्हणाले.

आम्ही नवा दोनदा ऐकला. मी दिनकररावांचे हात धरून माफी मागितली, ते म्हणाले निळा आज रात्री नव्यानं ऐकतो, मी म्हणालो दुसऱ्या बाजूला घाई करू नका. मामांनी कागद मागवला आणि सांगायला सुरुवात केली. "लिवा. एक, निळा आन् खुर्चीवाला, दोघं एका पाटावर. दोन, नवा. त्येला पंगतीत मधी बसवायचं, शेवटी न्हाई. तीन, टोपीवाला मास्तरनं राजीखुशीनं सोडला." कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं. पाच सह्या झाल्या, पहिली चुलत्यांची. आम्ही पोटभर जेवलो आणि भर दुपारी नांदेडच्या वाटेला लागलो.

अहमदपूर मागं पडल्यावर मी कौतुकानं यादी उघडली. एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली. उलटून मागची बाजू बघितली.

"मामा," मी म्हणालो, "यात तारीख कुठाय?"

"कसली तारीख?"

"लग्नाची!"

मामांचा हात कपाळावर गेला. "अगागा! चाळीस वर्सांत..."

"जीप फिरवा!" मी ओरडलो. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. रेवतीला काय तोंड दाखवू? तीन महिने! हॉल! परदेश! मी लातूरला पाच तास बसलो, तीन अल्बमांचं भलं केलं आणि पोटच्या पोरीची तारीख विसरलो!

मंगल शेजारी बसून शांतपणे शेंगा सोलत होती. "कशाला फिरवता?" ती म्हणाली. "तारीख आम्ही बायकांनी चहाला उकळी यायच्या आत ठरवली. समीरनं फोनवरून हॉलही पक्का केला. रेवती हो म्हणाली."

"मग मला कुणी सांगायचं?"

"विहीणबाई स्वतः सांगायला आल्या की! तुम्ही डोळे मिटून बसला होतात. तळहातावर साखर ठेवली, तारीख सांगितली. तुम्ही मान डोलावलीत, साखर खाल्लीत आणि म्हणालात, 'वा, काय डावा हात आहे!'"

"मला वाटलं, साखर नव्या अल्बमची वाटून राहिले."

"मला बी तसंच वाटलं," पुढून मामा म्हणाले. "मी तर दोनदा घेतली."

जीप पुन्हा नांदेडच्या दिशेला लागली. थोडा वेळ गेल्यावर मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "बरं, मग तारीख कोणती ठरली?"

मंगलनं शेंगांची टरफलं माझ्या यादीत नीट गुंडाळली. "पत्रिका छापल्या," ती म्हणाली, "की तुम्हालाही एक पाठवू."