लूमच्या आवाजात येणारी झोप

भिवंडीतल्या आमच्या खोलीची मागची भिंत लूमच्या कारखान्याला लागून होती. पाहुणे आले की यंत्रमागांच्या त्या धडधडीला एका रात्रीत कंटाळून जात. आम्हांला मात्र तो आवाज ऐकूही येत नसे. लाइट गेली आणि लूम थांबले, तरच जाणवे. मग रांगेतल्या खोल्यांमधली तान्ही पोरे एकापाठोपाठ एक जागी होऊन रडू लागत, आणि शेजारची म्हातारी म्हणे, "झालं शांत, उठली सगळी." माझी मुलगी त्याच आवाजात वाढली. तिची आई मात्र पडघ्याची, मोकळ्यावरची. लग्नानंतर कित्येक महिने ती कानांत कापसाचे बोळे घालून निजत असे, आणि मी त्यावरून तिची थट्टा करीत असे.

मुलगी पाच वर्षांची असताना, नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, तिला घेऊन तिची आई माहेरी निघून गेली. दोष कोणाचा, हे मी आता विचारत नाही. बोलायला हवे होते तेव्हा मी गप्प राहिलो आणि गप्प राहायला हवे होते तेव्हा बोललो, एवढे मला ठाऊक आहे. घटस्फोटाला दोघेही तयार होतो. भांडण उरले होते ते एकच: मुलगी कोणाकडे राहणार.

निकाल लागेपर्यंत कोर्टाने मला रविवार दिला होता, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. अशाच एका रविवारी मुलगी म्हणाली, आजीकडे झोपच येत नाही, तिथे फार शांत असते. मी ते वकिलांना सांगितले आणि ते खूश झाले. आईच्या घरी मुलीला झोप नाही, ती अस्वस्थ असते, असे वाक्य अर्जात आले. न्यायाधीश मुलीलाही विचारतील, हे कळल्यावर पुढचे दोन रविवार मी तिच्याकडून ते वाक्य पाठ करून घेतले. खरे तेच तर सांगायला लावतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तारखेच्या दिवशी न्यायाधीशांनी तिला आधी एकटीला आपल्या खोलीत नेले आणि थोड्या वेळाने आम्हां दोघांना बोलावले. मोठ्या खुर्चीत तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"मला सांगितलंस ते आता पप्पांनाही सांग," ते तिला म्हणाले.

"मला तिकडे झोप येत नाही," ती एका दमात म्हणाली. मग स्वतःहून पुढे म्हणाली, "म्हणून आई पत्र्याच्या पेटीवर हात मारते. धडधड, धडधड, लूमसारखं. मग येते."

तिची आई खाली मान घालून बसली होती. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले.

"पप्पा, बरोबर सांगितलं ना?"

मी हो म्हणालो.

बाहेर वकील म्हणाले, अजून काही बिघडलेले नाही, पुढची तारीख घेऊ. मी नको म्हणालो. मुलगी आईकडे राहील आणि रविवारी माझ्याकडे येईल, अशा कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या.

पुढच्या रविवारी पडघ्याच्या स्टँडवर मुलीला माझ्या हाती देताना तिची आई एवढेच म्हणाली, "दुपारी तिला भिंतीशी नका निजवू. पुन्हा सवय लागली की हात मलाच मारावे लागतात."

लूमची सुट्टी शुक्रवारी. रविवारी ते चालू असत. जेवण झाले की मुलगी मागच्या भिंतीला पाठ लावून बसे आणि बोलता बोलता तिचे डोळे मिटत. इतकी स्वस्थ ती मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. घटकाभर मी नुसता पाहत बसे. मग पदराखाली घेतलेले ते हात आठवत, आणि मी तिला हलवून जागे करी. ती कुरकुरे, डोळे चोळी, चपला उलट्या घाली. तिचा हात धरून मी निघे, लूमचा आवाज येणार नाही अशा जागेच्या शोधात. त्या काळच्या भिवंडीत त्यासाठी बरेच चालावे लागे.