लाल दोऱ्याची कणसं

लग्नानंतरच्या पहिल्याच एकतीस डिसेंबरला मी आमच्या घराण्याचं बियाणं भाजून पाहुण्यांना खायला घातलं. सोबत जवसाची चटणी होती. चटणी फार चांगली झाली होती, असं ते पाहुणे आजही म्हणतात.

हे आज सांगायचं कारण असं, की यंदाच्या हुरड्याला धाकट्या नातीनं पुण्याच्या मैत्रिणी आणल्या, मला ज्वारीच्या ताटांत उभं केलं, मोबाइल रोखला आणि म्हणाली, "ही माझी आजी. हिला शेतातलं सगळं कळतं." मी पदर सारखा करून हसले. (फोटो चांगला आलाय.) पण वर आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ठसका लागला असणार.

माझा जन्म परभणीचा, घर बसस्टँडच्या मागे. ज्वारीची आणि माझी ओळख पिठाच्या डब्यापासून पुढची. त्याआधी ती कुठे राहते, काय करते, याची चौकशी मी कधी केली नव्हती. अशी मी लग्न होऊन पेडगावला आले आणि सहा महिन्यांत मला शेतीतलं सगळं कळायला लागलं. निदान मला तसं वाटायला लागलं. घरात काहीही निघालं की मी म्हणायची, "मी बघते." पुढे पुढे हे दोन शब्द ऐकले की आत्याबाई, माझ्या सासूबाई, हातातलं भांडं खाली ठेवायच्या.

मामंजींची शेती बरी होती, पण त्यांचा खरा जीव होता विहिरीजवळच्या चार ओळींत. बाकी रानात भाकरीची ज्वारी. या चार ओळींत खास हुरड्याची. दाणा टपोरा, कोवळा, आणि इतका गोड की सोबत गूळ ठेवला तर गुळाचाच अपमान. पंचक्रोशीत या हुरड्याचं नाव होतं. आमच्या ह्यांना त्याचा इतका अभिमान, की परभणीच्या कचेरीत त्यांनी सगळ्यांना आवतण देऊन टाकलं: एकतीस तारखेला बायकापोरांसह शेतावर या, नवं वर्ष आमच्या हुरड्यानं सुरू करू!

नेमकं त्याच दिवशी मामंजींना पालमला एका कार्याला जावं लागलं. निघताना त्यांनी मला बजावलं, "मी दुपारच्या गाडीनं येतो. कणसं मी आल्यावर काढतो. तू नुसती आगटी पेटवून ठेव, दुसऱ्या कशाला हात लावू नको."

मी म्हणाले, "तुम्ही निवांत जा. मी बघते."

आगटी म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा. ती मी पेटवली. गोवऱ्यांचा आर लालभडक झाला. पाहुणे आले, चांगले पंधरा-वीस जण. पोरं विहिरीभोवती धावायला लागली, बायका बोरं वेचून दमल्या, पुरुषमंडळी आगटीभोवती पोती अंथरून बसली आणि रिकाम्या हातांनी निखाऱ्यांकडे बघायला लागली. मामंजींची गाडी काही येईना. पालमहून परभणी आणि परभणीहून पेडगाव, असा दोन एसट्यांचा प्रवास. त्यातली एक बिघडणार हे ठरलेलंच. आमचे हे माझ्याकडे बघून खाकरले. मी विळा उचलला.

ज्वारीच्या ओळींत शिरले आणि थक्क झाले. काही कणसांच्या गळ्यात लाल दोरा बांधलेला! नुसती कणसं नव्हती ती. मुठीत न मावणारी, सगळ्यात उंच, सगळ्यात भरदार. आमच्या माहेरी लग्नघरात मानाच्या पाहुण्यांचे नारळ कुंकू लावून वेगळे ठेवायचे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही मानाची कणसं! मामंजी तोंडानं बोलले नाहीत, पण माझ्या पाहुण्यांसाठी निवडून, खूण करून गेले. काय माणूस आहे! माझे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी मी एकूण एक दोऱ्याचं कणीस कापलं.

आणि हुरडा काय झाला म्हणता! आमचे हे भाजायचे, मी चोळून हिरवा दाणा ताटात पाडायची, आणि ताट खाली ठेवेपर्यंत रिकामं. ह्यांचे मित्र वसंतराव तर चटणी लावायलाही थांबेनात. लाल दोऱ्यांचं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की ही आमच्या घराण्याची रीत आहे. मानाच्या पाहुण्यांसाठी कणीस आधीपासून राखतात. मग काय! पोरांनी ते दोरे मनगटांना बांधले. वसंतरावांनी एक दोरा सदऱ्याच्या गुंडीला बांधला आणि छाती काढून बसले.

दोऱ्याची कणसं संपली, तेव्हा मंडळींनी स्वतःच विळे घेतले आणि चार ओळींतली उरलेली कणसं अशी साफ केली की टोळधाड परवडली. राहिलं ते दाणा न भरलेलं पोचट. दोऱ्याच्या कणसांतली तीन-चार मात्र फार निबर निघाली. दाणा टणक, हुरड्याच्या कामाचा नाही. ती मी मोठ्या मनानं वसंतरावांच्या बायकोला, शालिनीवहिनींना, वानोळा म्हणून दिली. शेतातलं नवं काही निघालं की थोडं ओळखीच्यांकडे धाडायचं, तो वानोळा. त्यांना कोण आनंद! म्हणाल्या, "घरापुढं टांगते. चिमण्या येतील."

एवढ्यात बांधावरून मामंजी येताना दिसले. बस बिघडलीच होती. ते जवळ आले, आणि त्यांना पहिल्यांदा दिसली ती वसंतरावांची गुंडी. मग एका पोराचं मनगट. मग दुसऱ्याचं. ते ज्वारीच्या ओळींकडे वळले, थोडा वेळ तिकडे तोंड करून उभे राहिले, आणि परत येऊन पाहुण्यांत बसले. मी लगबगीनं शेवटच्या कणसाचा हुरडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"गोड हाय," म्हणाले.

पाहुणे नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन गेले. मामंजींनी प्रत्येकाला हात जोडले, पोरांच्या खिशांत बोरं भरली. मग ते माझ्याकडे वळले.

मामंजी एरवी मला "तू" म्हणत. राग आला की त्यांना निजामाच्या शाळेतली अदब आठवायची आणि ते फार सभ्य बोलायला लागायचे.

"सूनबाई, आपण दोऱ्याची कणसं काढलीत?"

"हो!" मी मान ताठ करून म्हणाले. शाबासकीला मी तयारच होते.

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता. ती ज्वारी त्यांच्या आईनं माहेराहून पदरात बांधून आणली होती. दरसाल त्यातली उत्तम कणसं बियाण्यासाठी राखायची, पिकून वाळेपर्यंत रानातच उभी ठेवायची, आणि हुरड्याच्या नादात कुणी ती कापू नयेत म्हणून त्यांना लाल दोरा बांधायचा. कुणी कापू नयेत म्हणून! घरातलं जुनं बी औंदा किड्यांनी खाल्लं होतं; होतं नव्हतं ते सगळं या चार ओळींत पेरलं होतं. बाजारात हे वाण मिळत नव्हतं. आईच्या पदरातून आलेलं बी त्यांच्या सुनेनं जवसाच्या चटणीसोबत संपवलं होतं.

मी तिथेच पोत्यावर बसले आणि रडायला लागले. आमचे हे म्हणाले, "दादा, मीच भाजलं." मामंजी म्हणाले, "आपण तर बोलूच नका."

रडता रडता मला ती निबर कणसं आठवली. मी भीतभीत विचारलं, टणक झालेला दाणा उगवतो का? मामंजी ताडकन उभे राहिले.

"निबर हुती? कुठं हायती?"

"चिमण्यांपुढं," मी म्हणाले.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, पहिल्या एसटीनं, सासरा आणि सून परभणीला निघाले. वाटेत मामंजी एकदाच बोलले: दिलेला वानोळा परत मागायला आपल्या घरातलं कुणी आजवर गेलेलं नाही, आणि मागायचा कसा, तेही त्यांना ठाऊक नाही. मी म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. मी बघते." त्यांनी डोळे मिटून घेतले.

वसंतरावांच्या घरापुढे पोचलो तर दाराच्या वर आमची कणसं टांगलेली, आणि त्यांच्यावर चिमण्यांची पंगत बसलेली. शालिनीवहिनींनी हौसेनं आम्हाला व्हरांड्यात खुर्च्या दिल्या. "बघा की, किती चिमण्या आल्यात! काल एक नव्हती." मामंजी चहाची बशी तोंडाला लावून वर बघत होते. चिमणी एक दाणा टिपायची, यांचा एक घोट अडकायचा.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. खरं सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी पटकन डोक्यात आलं ते बोलले.

"वहिनी, ती कणसं काढा. त्यांच्यावर औषध मारलेलं आहे."

शालिनीवहिनी पांढऱ्या पडल्या. "औषध? कशाचं औषध?"

"किड्यांचं. चिमण्या मरतील ना उगीच."

"अहो, पण काल आम्ही सगळ्यांनी तीच खाल्ली!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आतून वसंतराव आले. त्यांनी ऐकलं, पोटावर हात ठेवला आणि तिथल्या तिथे बाजेवर आडवे झाले. त्यांना चक्कर यायला लागली. रात्रीपासूनच गरगरतंय, असंही आता त्यांना आठवलं. पोरांना ओळीनं बसवून शालिनीवहिनी मिठाचं पाणी पाजायला निघाल्या. शेजारीण डॉक्टरला बोलवायला चप्पल शोधायला लागली. कालचे बाकीचे पाहुणे त्याच गल्लीतले. कुणीतरी त्यांनाही कळवायला पळालं. नवं वर्ष उजाडून काही तास झाले होते आणि मी अर्ध्या कचेरीला विष घातलं होतं!

मी मामंजींकडे बघितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"सूनबाई," ते म्हणाले, "आपण लय बघितलं. आता सांगा."

मग मी सांगितलं. दोरा, बियाणं, आत्याबाईंच्या सासूचा पदर, सगळं. रीतबीत काही नव्हती, तेही सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही. बोलून संपले तरी चिमण्या जेवतच होत्या. वसंतराव बाजेवर उठून बसले. त्यांची चक्कर गेली होती. त्यांनी कालच्याच सदऱ्याच्या गुंडीचा दोरा सोडला आणि माझ्या हातात दिला.

शालिनीवहिनींनी स्टुलावर चढून कणसं उतरवली. एक अख्खं राहिलं होतं, एक अर्धं. बाकीची नुसती बोंडकी. मी हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "थांबा." आत गेल्या, कुंकू, नारळ आणि खण घेऊन आल्या, मला पाटावर बसवलं आणि ती दीड कणसं नारळासोबत माझ्या ओटीत घातली.

"परत कुठं द्यायलोत आम्ही? हा आमच्याकडून तुम्हाला वानोळा."

मामंजींनी त्यांना हात जोडले. येताना एसटीत त्यांनी ती दीड कणसं पटक्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती, आणि शेजारच्या बाईच्या टोपलीतली कोंबडी मान काढून बघायला लागली तेव्हा जागा बदलली.

दीड कणसात बी पुष्कळ निघतं. पुढच्या हंगामात विहिरीजवळ पुन्हा चार ओळी उभ्या राहिल्या. आज पेडगावात निम्म्या घरांत ते वाण आहे, वालूरला आहे, आणि शालिनीवहिनींच्या लेकानं शेत घेतलं तेव्हा पहिली पिशवी मीच नेऊन दिली. दरसाल कणसं निवडून दोरा बांधायचं काम गेली कित्येक वर्षं माझं. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही. ताटांच्या मधून चालताना कोणतं कणीस बियाण्याचं, हे मला आता लांबून कळतं. नात म्हणाली ते अगदीच खोटं नाही.

पण हा मान मिळण्याआधीची एक गोष्ट राहिली. दुसऱ्या वर्षीच्या एकतीस डिसेंबरला पाहुणे पुन्हा येणार होते; वसंतराव तर सगळ्यांत आधी. सकाळी मी उत्साहानं विळा घेऊन निघाले, तर मामंजी दारात आडवे उभे. हातात लाल दोरा. तो त्यांनी आत्याबाईंच्या हाती दिला आणि म्हणाले,

"कणसाला बांधून उपयोग झाला न्हाई. ह्यो सूनबाईच्या मनगटाला बांध. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे, ही बी आपल्या घरच्या बियाण्याचीच हाय. निबर तेवढी व्हायची राह्यलीय, तवर हिच्या हातात इळा देऊ नका."