मेंढ्यांची कातर आणि जांघेतली गाठ

मेंढ्या कातरायचं काम उरकलं त्या दुपारी मी एक नको तो उद्योग केला... आणि त्यापायी आख्खं गाव उठायची वेळ आली. राणीसावरगावच्या बाजूला आमचं गाव, वर निजामाचं राज्य. मी विशी ओलांडलेला, नुकतंच लग्न झालेलं.

विषय जरा खालचा आहे, आधीच सांगून ठेवतो. नव्वदी पार केलेल्या माणसाला लाज सोडून बोलायची मुभा असते, ती आज वापरतोय. ज्यांना अवघड वाटेल त्यांनी खुशाल पुढच्या पोस्टवर जावं.

उन्हाळा भयंकर होता. दिवसभर मेंढरांमागे हिंडून जांघा घामानं चिकट व्हायच्या आणि खाज अशी सुटायची की चारचौघांत उभं राहणं मुश्कील. गावचा न्हावी झाडाखाली बसवून डोकं, दाढी, बगला करायचा... त्याच्या खालचं ज्याचं त्यानं बघायचं. माझ्याकडे वस्तरा नव्हता. लोकर कातरायची कातर मात्र होती, चांगली वीतभर पात्यांची.

ओढ्यातल्या झुडपाआड बसून तीच चालवली. ना ती धुतली, ना साबण, ना पाणी... शिवाय कुणी येईल म्हणून घाई. मेंढीची कातडी आपण एका हातानं ताणून धरतो, ते स्वतःच्या बाबतीत काही जमलं नाही. नको तिथं काप गेला. वर मूठभर माती दाबली आणि घरी आलो.

दोन-तीन दिवसांत अंगात ताप भरला. जांघेत हात लावून बघतो तर सुपारीएवढी गाठ.

आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही, पण तेव्हा ताप आणि जांघेत गाठ म्हटलं की एकच नाव... पलेग. ओढ्यापलीकडच्या गावात उंदीर पडले होते, मागोमाग माणसंही गेली होती. उरलेले लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत होते. ज्याला गाठ आली त्याची झोपडी सगळ्यांपासून लांब. तिथून परत आलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

कापाची मला आठवणसुद्धा झाली नाही. भीती एकदा छातीवर बसली की डोकं चालतच नाही. लंगडायला लागलो, तर काटा मोडला म्हणून सांगितलं. बायकोच्या, भागाच्या, हातचं ताट लांबून घ्यायचो आणि मेंढरांपाशी जाऊन पडायचो. तिला वाटलं मी रुसलोय. मला वाटत होतं, माझ्यासोबत हिचाही जीव जाणार.

शेवटी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपाळावर हात ठेवला. मग माझ्या चालीकडे बघितलं.

"गाठ हाय का?"

मी मान हलवली. आबा उठले आणि स्वतःच पाटलाकडे गेले. पोटचा पोर असला तरी गावापासून लपवणारा माणूस नव्हता तो.

पाटील आले, बरोबर पाच-सात माणसं. सगळे अंगणाच्या पार टोकाला उभे. ठरलं ते असं, की सकाळी गंगाखेडला तहसीलमध्ये वर्दी द्यायची, गावानं रानात निघायचं आणि मला आत्ताच ओढ्यापलीकडे एकट्याला ठेवायचं. आई दारात पदर तोंडात धरून बसली होती.

तेवढ्यात भागा बाहेर आली. सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी ती, पदर पुढे ओढून आबांकडे वळली. पण आवाज असा, की पाटलांना नीट ऐकू जावं.

"मामंजी, पाटलाला सांगा, गाठ पलेगची न्हाई. ह्यांना कातरीनं कापलंय. धोतराला रगत होतं, म्या धुतलंय."

सगळ्या पुरुषांच्या माना खाली. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं... आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तो काप आठवला. आबांनी आत नेऊन बघितलं. जखम चांगली पिकली होती. मेंढीला काप लागून चिघळला की अशीच गाठ धरते, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं.

पाटील सगळं ऐकून घेणारे होते, पण भोळे नव्हते. वर्दी थांबवली, झोपडी मात्र टळली नाही. भागा माझ्यामागून निघाली. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं.

त्या झोपडीत पाचोळा वाजला तरी उंदीर वाटायचा. ताप चढतच होता. भागा कडुलिंबाचा पाला उकळून जखम धुवायची, मी दर घटकेला गाठ चाचपायचो. मग एका सकाळी जखम फुटली, पू वाहून गेला, ताप उतरला. हळूहळू गाठही बसली. गाव जागेवर राहिलं. पुढे कितीतरी वर्षं लोक मला बघून मिशीत हसायचे, पण हसायला जिवंत होते.

आता नातवंडांकडे ट्रिमर आहेत. तरी ऐका... आपलं साधन आपल्यापुरतंच ठेवा, आधी धुवा, उजेडात आणि सावकाश चालवा. अगदी कातडीलगत काढायचा हट्ट कशाला, थोडे केस राहिले तर काही बिघडत नाही. काप लागला तर साबण-पाण्यानं धुवा, माती नको रे बाबांनो. आणि गाठ, ताप काही आलं तर लाजत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. माझं नशीब बलवत्तर म्हणून निभावलं, इन्फेक्शननं माणसं जात होती तेव्हा.

बऱ्याच वर्षांनी मी भागाला विचारलं, पलेग नाही याची तुला एवढी खात्री कशी होती? ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,

"खात्री कुठली... मला बी पलेगच वाटला होता."

आणि तरी ती माझ्यामागून झोपडीत आली होती.