हनुवटी वर करून

आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकिटं देणारा तो माणूस कायम गालात तंबाखूचा बार धरून असायचा. काही विचारलं की थुंकी सांडू नये म्हणून हनुवटी वर करून नुसतं "हूं" म्हणायचा. बोटीत मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे.

मुलांची व्यसनं आणि घरातलं बोलणं यांच्या पाहणीसाठी परवा त्याच्याच घरी गेले. नववीतल्या लेकीला विचारलं, "बाबा बोलतात का गं तुझ्याशी?"

तिने ओठ मिटूनच हनुवटी वर केली. "हूं."

तिचाही गाल फुगलेला होता.

शेजारीच बसलेल्या त्याने ते पाहिलं. बाहेर जाऊन तो चूळ भरून आला आणि माती खाल्लेल्या लेकरापुढे धरावा तसा हात त्याने तिच्या तोंडापुढे धरला.

"थुक गो बाय."

इतकं स्वच्छ बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. मला मान वर करवेना.